ब्लॉगस्पॉटवरून स्वतःच्या सर्व्हरवर: जुने पत्ते न मोडता मराठी ब्लॉग हलवताना

ब्लॉग हलवताना लेख हलवणं हे सगळ्यात सोपं काम आहे. एक फाइल उतरवायची, दुसरीकडे चढवायची, की लेख नव्या घरी हजर. घोळ होतो तो पत्त्यांचा आणि चित्रांचा. दहा वर्षांत इतरांनी तुमच्या लेखांना दिलेले दुवे, वाचकांनी जपून ठेवलेल्या खुणा, गूगलने नोंदवलेली पानं, हे सगळं जुन्या पत्त्यांवर उभं असतं. ते पत्ते मोडले की ब्लॉग नवा कोरा होतो, आणि हे कौतुकाने म्हटलेलं नाही.

मराठी ब्लॉगचा पत्त्यांचा प्रश्न इंग्रजी ब्लॉगपेक्षा वेगळा आहे. ब्लॉगस्पॉट शीर्षकातली देवनागरी अक्षरं पत्त्यात घेत नाही. शीर्षक पूर्ण मराठी असेल तर पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' येतं. त्याच महिन्यात दुसरा लेख टाकला की शेवटी अधोरेघ आणि आकडा लागतो. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून 'ब्लॉग-पोस्ट'. म्हणजे २०१२च्या मे महिन्यातही एक 'ब्लॉग-पोस्ट' आहे आणि जूनमध्येही. ब्लॉगस्पॉटला ते चालतं, कारण तिथे नाव फक्त महिन्यापुरतं वेगळं असलं की पुरे. वर्डप्रेसला, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर ब्लॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते चालत नाही, तिथे प्रत्येक लेखाचा स्लग (पत्त्यातलं नाव) सगळ्या लेखांमध्ये एकमेव असावा लागतो. त्यामुळे 'पर्मालिंकची (लेखाच्या कायमच्या पत्त्याची) रचना वर्ष, महिना, नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल अशी ठेवा, सगळे पत्ते आपोआप जुळतील' हा सर्वत्र मिळणारा सल्ला मराठी ब्लॉगवर फसतो. दुसऱ्या 'ब्लॉग-पोस्ट'च्या मागे वर्डप्रेस गुपचूप '-२' लावून टाकतं, आणि जुना दुवा मोडतो. यावरचा तोडगा पुढे आहे, पण तो आयात झाल्याझाल्याच करायचा असतो, म्हणून आधी वाचून घ्या.

इथे सगळं देवनागरीत लिहिलं असलं, तरी आज्ञा, फाइलींची नावं आणि पत्ते प्रत्यक्षात रोमन छोट्या अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायचे आहेत.

कुठे जायचं

ब्लॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी घोस्ट देखणं आहे, ह्यूगोसारखी स्थिर पानं बनवणारी साधनं वेगवान आहेत. पण जुन्या प्रतिक्रिया बरोबर न्यायच्या असतील तर वर्डप्रेसच सोयीचं. मराठी ब्लॉगांवर पुष्कळदा लेखापेक्षा प्रतिक्रियांमधली चर्चा मोलाची असते, ती मागे टाकून जाण्यात अर्थ नाही. प्रतिक्रिया नकोच असतील तर मात्र ह्यूगोचा विचार जरूर करा. डेटाबेस नाही, पीएचपी (वर्डप्रेस जिच्यावर चालतं ती भाषा) नाही, दुरुस्तीही जवळजवळ नाही.

सर्व्हर लहान चालतो: एक प्रोसेसर, १ जीबी मेमरी, २५ जीबी डिस्क. १ जीबीवर २ जीबी स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) मात्र लावाच. चित्रांच्या लहान-मोठ्या प्रती बनवताना मेमरी संपते, लिनक्स सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारून टाकतं, आणि ती बहुधा मारियाडीबी, म्हणजे डेटाबेस, असते. मग पडद्यावर 'डेटाबेसशी जोडणी होत नाही' एवढंच दिसतं आणि माणूस भलतीकडेच पासवर्ड तपासत बसतो.

उबुंटू २४.०४ हे लिनक्स घेतलं तर त्याच्यासोबत पीएचपी ८.३ आणि मारियाडीबी १०.११ येतात, वेब सर्व्हर म्हणून एनजिनएक्स. पीएचपीची एफपीएम, मायएसक्यूएल, एक्सएमएल, एमबीस्ट्रिंग, कर्ल, जीडी, इंटल आणि झिप ही पॅकेजं एकदमच बसवा. एक्सएमएलचं राहिलं तर आयात सुरूच होत नाही. फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढीच दारं उघडी ठेवा, लॉगिन पासवर्डाऐवजी किल्लीने.

डेटाबेस बनवताना अक्षरसंच यूटीएफएट-एमबीफोर द्या. नुसत्या जुन्या यूटीएफएटमध्ये मराठी मावते, कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं. पण इमोजी चार बाइटचे, आणि प्रतिक्रियांमध्ये ते हमखास असतात. लॅटिन-१ चुकून राहिलं तर मराठीच्या जागी टोप्या घातलेल्या युरोपीय अक्षरांची खिचडी दिसते. ती नंतर निस्तरत बसण्यापेक्षा डेटाबेस पुसून पुन्हा आयात करा, वेळ कमी लागतो.

फाइल उतरवणं

ब्लॉगस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये 'ब्लॉग व्यवस्थापन' या भागात बॅकअपची सोय आहे, आणि गूगल टेकआउट या आपला डेटा उतरवून देणाऱ्या सेवेतूनही ब्लॉगचा साठा मिळतो. फाइल मिळाल्यावर ती लगेच टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि एखाद्या जुन्या लेखाचा पत्ता शोधा. तो आत सापडला पाहिजे. दोन वाटांनी मिळणाऱ्या फाइलींची रचना सारखीच असेल असं धरून चालू नका. आयात झाल्यावर 'शून्य लेख' असा निरोप आला तर फाइल खराब नसते, बहुधा इम्पोर्टरला, म्हणजे वर्डप्रेसमध्ये आयात करणाऱ्या प्लगिनला (पूरक भागाला), तिची रचना ओळखता आलेली नसते. अशा वेळी दुसऱ्या वाटेने फाइल काढा किंवा अधिक ताजं प्लगिन वापरा.

या फाइलमध्ये चित्रं नसतात. चित्रांचे फक्त पत्ते असतात आणि चित्रं गूगलच्या सर्व्हरवरच राहतात. म्हणूनच आयात झाल्याझाल्या सगळं छान दिसतं आणि माणूस काम संपलं असं समजतो. पुढे कधीतरी जुना ब्लॉग उडवला की चित्रंही जाण्याची पाळी येते.

जुन्या ब्लॉगवरचे आकडे कागदावर टिपून ठेवा: प्रसिद्ध लेख, मसुदे, पानं, प्रतिक्रिया. नंतर ताळा करायला हेच लागतात.

आयात

वर्डप्रेस बसवल्यावर लेख आणण्याआधी तीन गोष्टी करा. साइटची भाषा मराठी करा. टाइमझोन जुन्या ब्लॉगवर होता तोच लावा. कित्येक जुन्या ब्लॉगांवर तो कधी बदललेलाच नसतो, आणि तो जुळला नाही तर महिन्याच्या शेवटच्या रात्री टाकलेले लेख दुसऱ्या महिन्यात जाऊन बसतात. आणि पर्मालिंकची रचना 'फक्त लेखाचं नाव' अशी ठेवा. वाचन सेटिंग्जमधली 'शोधयंत्रांना दूर ठेवा' ही खूण सध्या असू द्या, पण ती काढायची आहे हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मग 'साधने' खाली 'आयात' आणि तिथे 'ब्लॉगर', म्हणजे ब्लॉगस्पॉटच. फाइल चढताना अडण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही स्वीकारत नाही आणि ४१३ हा आकडा दाखवतो. पीएचपीची फाइलमर्यादा मुळात २ एमबी आणि एकूण पाठवणीची ८ एमबी असते. तिन्ही ठिकाणी ६४ एमबी करा. एकच वाढवून भागत नाही, सर्वांत लहान मर्यादा बाकीच्यांवर मात करते. अर्ध्यात ५०४ आला तर एनजिनएक्सने पीएचपीच्या उत्तराची ६० सेकंद वाट पाहून नाद सोडलेला असतो. ती मुदत ३०० सेकंद करून सर्व्हर पुन्हा सुरू करा. अर्धवट आयातीवर पुन्हा आयात करण्यापेक्षा आधीचे लेख पुसून नव्याने सुरुवात केलेली बरी, नाहीतर प्रतिक्रिया दुप्पट होतात.

आता टिपलेल्या आकड्यांशी ताळा. मसुद्यांकडे खास बघा, अर्धवट लिहिलेलं काही प्रसिद्ध झालेलं नाही ना. लेबलं वर्ग म्हणून आली की टॅग म्हणून, तेही पाहून ठेवा. प्रतिक्रिया देणाऱ्यांचे ईमेल गूगल देत नाही, सगळ्यांच्या जागी एकच 'नोरिप्लाय' पत्ता असतो. त्यामुळे सगळ्यांच्या नावासमोर एकच चेहरा दिसतो. त्यावर उपाय नाही. प्रतिक्रियांसमोरची चित्रंच बंद करा. उत्तराखाली उत्तर अशी उतरंड काही लेखांत सपाट झालेली दिसेल, तीही बहुतेक वेळा सोडून द्यावी.

पत्ते

वर्डप्रेसने शीर्षकावरून देवनागरी स्लग बनवलेले असतील. ते ठेवावेत का? स्लगचा रकाना २०० अक्षरांचा आहे, आणि वर्डप्रेस देवनागरी चिन्ह टक्क्यांच्या रूपात साठवतं. एका चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला नऊ. २०० भागिले ९, जेमतेम २२ चिन्हं. त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'व्यक्तिमत्त्व' या एका शब्दालाच तेरा लागतात: व, हलन्त, य, क, हलन्त, त, वेलांटी, म, त, हलन्त, त, हलन्त आणि व. चार शब्दांचं शीर्षक दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाच्या मधेच तुटतं, कधी अक्षर राहून मात्रा जाते. शिवाय असा पत्ता कुणाला पाठवला की टक्क्यांची चार ओळींची माळ जाते. देवनागरी पत्त्याचा अभिमान समजण्यासारखा आहे, पण सोय रोमनमध्येच आहे.

आता वर म्हटलेला तोडगा. इम्पोर्टर प्रत्येक लेखासोबत त्याचा जुना पत्ता 'ब्लॉगर पर्मालिंक' या नावाच्या सानुकूल रकान्यात ठेवतो. त्या पत्त्यावरूनच नवा स्लग बनवायचा: वर्ष, महिना आणि जुनं नाव, मधे तिरप्या रेघेऐवजी संयोगचिन्ह, शेवटचं डॉट एचटीएमएल काढून. '२०१२/०५/ब्लॉग-पोस्ट_१२' याचा स्लग '२०१२-०५-ब्लॉग-पोस्ट_१२'. दिसायला कुरूप आहे, पण तो एकमेव असण्याची हमी आहे, कारण जुना पत्ता एकमेव होता.

हे हाताने करायचं नाही. डब्ल्यूपी-सीएलआय (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवण्याचं साधन) बसवा, 'डब्ल्यूपी पोस्ट लिस्ट'ने तो रकाना असलेल्या लेखांचे क्रमांक काढा, प्रत्येकासाठी 'पोस्ट मेटा गेट'ने जुना पत्ता वाचा, 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने वर सांगितलेला बदल करा आणि 'पोस्ट अपडेट'ने स्लग लिहा. शेलमध्ये पाच ओळींचं चक्र होतं. आधी तीन लेखांवर चालवून पाहा, कारण रकान्यात कधी नुसता मार्ग असतो तर कधी डोमेनसकट पूर्ण पत्ता, आणि त्याप्रमाणे 'सेड'चा नियम बदलतो. चक्र चालवण्यापूर्वी डेटाबेसची प्रत काढलेली असू द्या.

एवढं झालं की हजार लेखांसाठी एनजिनएक्समध्ये एकच नियम पुरतो: चार अंकी वर्ष, दोन अंकी महिना आणि डॉट एचटीएमएलने संपणारं नाव असा पत्ता आला, की त्याच तीन तुकड्यांमध्ये संयोगचिन्ह घालून ३०१ने ('पत्ता कायमचा बदलला' या खुणेने) पाठव. इथे दोन खड्डे आहेत. अंकांची संख्या महिरपी कंसात लिहिलीत तर पूर्ण नमुना अवतरणात घ्यावा लागतो, कारण एनजिनएक्स महिरपी कंसाला स्वतःच्या विभागाची सुरुवात समजतं आणि सुरूच होत नाही. दुसरं, ब्लॉगस्पॉटच्या मोबाइल दुव्यांमागे 'एम बरोबर १' अशी शेपटी असते. नव्या पत्त्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह ठेवलं की ती गळून पडते. बदल केल्यावर 'एनजिनएक्स टी'ने तपासूनच सर्व्हर रीलोड करा.

या पद्धतीचा खरा फायदा नंतर कळतो. एखाद्या गाजलेल्या लेखाला सवडीने छानसा रोमन स्लग दिलात, तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतं आणि त्यावर आलेल्याला स्वतःच नव्याकडे पाठवतं. नियमाला हात लावावा लागत नाही.

उरलेले पत्ते थोडे असतात. फीडचा (नवे लेख वाचकांकडे आपोआप पोचवणाऱ्या यादीचा) जुना पत्ता 'फीड्स, पोस्ट्स, डिफॉल्ट' हा वर्डप्रेसच्या 'फीड'कडे वळवा. फीड वाचणारे लोक कमी असतील, पण सगळ्यांत निष्ठावंत तेच. 'सर्च, लेबल'ने सुरू होणारे पत्ते वर्गाकडे किंवा टॅगकडे. 'पी'खालची स्थिर पानं चार-सहाच असतात, ती हाताने एकेक करून. महिन्यांची पानं, म्हणजे नुसतं वर्ष आणि महिना, वर्डप्रेसमध्ये तशीच चालतात.

लेखांच्या आतले स्वतःच्याच ब्लॉगचे दुवेही बदला. 'डब्ल्यूपी सर्च-रिप्लेस' आधी 'ड्राय-रन'सह चालवा, किती ठिकाणी बदल होणार ते दिसतं. ब्लॉगस्पॉट डॉट कॉमसोबत ब्लॉगस्पॉट डॉट इन असलेले दुवेही शोधा, जुन्या लेखांत ते बरेच सापडतात.

चित्रं

ब्लॉगस्पॉटच्या चित्राच्या पत्त्यात आकाराचा एक तुकडा असतो: 'एस३२०', 'एस६४०', 'एस१६००', किंवा रुंदी-उंची मिळून. लेखात दिसतं ते लहान चित्र, टिचकी मारल्यावर उघडतं ते मोठं. चित्रं उतरवणारं प्लगिन सरळ चालवलंत तर ते ३२० पिक्सेलची चिटुकली प्रत उतरवतं आणि मूळ छायाचित्र गूगलकडेच राहतं. म्हणून आधी डेटाबेसमध्ये आकाराचे सगळे तुकडे 'एस०' करा. याचा अर्थ मूळ आकार. 'सर्च-रिप्लेस'ला 'रेजेक्स'चा (नमुन्यावरून शोधण्याचा) पर्याय आहे, तो वापरा. मगच प्लगिन चालवा, एका वेळी पन्नासेक लेख.

जागेचा अंदाज घेऊन ठेवा. प्रत्येक चित्रामागे वर्डप्रेस अर्धा डझन लहान प्रती बनवतं, आणि मूळ चित्र २५६० पिक्सेलपेक्षा मोठं असेल तर त्याचीही एक छाटलेली प्रत. चित्राच्या फाइलचं नाव मराठीत असेल तर तेही रोमन करून घ्या. लिनक्समध्ये फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं.

शेवटी डेटाबेसमध्ये 'बीपी डॉट ब्लॉगस्पॉट' आणि 'गूगलयूजरकंटेंट' शोधा. उत्तर शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर उरलेले बहुधा चित्राभोवतीचे दुवे असतात, खुद्द चित्रं नव्हेत.

मजकुराची डागडुजी

जुन्या लेखांत वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर फॉन्टची नावं आलेली असतात, आणि ती नव्या थीमवर कुरघोडी करतात. 'फॉन्ट-फॅमिली' असलेले शैलीचे तुकडे काढून टाका. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवा. इंग्रजीसाठी नेमलेल्या १.४ मध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. साइटची भाषा मराठी ठेवण्याचं एक कारण इथेही आहे: नोटोसारखे फॉन्ट ती खूण पाहून ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात.

शोधाचा एक छुपा दोष आहे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसला मात्र दोन वेगळे शब्द. कीबोर्ड बदलत गेलेल्या ब्लॉगवर अर्धे लेख एका प्रकारचे आणि अर्धे दुसऱ्या. दुसरा प्रकार सरसकट पहिल्यात बदलून घ्या.

डोमेन वळवणं

वळवण्याआधी स्वतःच्या संगणकाच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये डोमेनसमोर नव्या सर्व्हरचा आयपी लिहा. तुम्हाला नवा ब्लॉग दिसेल, जगाला जुना. सगळं धडधाकट वाटलं की आदल्या दिवशी डीएनएसचा, म्हणजे डोमेनला आयपीशी जोडणाऱ्या नोंदींचा, टीटीएल (त्या किती वेळ जपून ठेवायच्या ती मुदत) ३०० सेकंद करा.

ब्लॉगस्पॉटला स्वतःचं डोमेन जोडलेलं असेल तर काम सरळ आहे. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची गूगलकडे जाणारी सीनेम नोंद आणि २१६.२३९ने सुरू होणाऱ्या चार ए नोंदी काढून नव्या आयपीच्या नोंदी घाला. चारांतली एक जरी राहिली तरी काही वाचकांना जुना ब्लॉग आणि काहींना नवा दिसतो, आणि तुमच्या संगणकावर सगळं ठीक असतं. एमएक्स नोंदींना हात लावू नका, नाहीतर डोमेनवरचं ईमेल बंद पडेल. जुनी एएएए (आयपीव्ही६ची) नोंद असेल तर तीही बदला.

एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं, सर्टबॉट या साधनाने, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना अशा दोन्ही नावांसाठी. ते ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप होतं. डोमेन पोहोचण्याआधी घाईने प्रयत्न करत राहिलात तर एका नावासाठी तासाला पाच अपयशांवर दार बंद होतं. आधी 'ड्राय-रन' करा.

डोमेन नसेल, नुसता ब्लॉगस्पॉटचा पत्ता असेल, तर खरा ३०१ देता येत नाही, कारण तो सर्व्हर तुमचा नाही. तिथे थीमच्या एचटीएमएलमध्ये छोटी जावास्क्रिप्ट घाला, जी चालू पत्त्याचा मार्ग घेऊन नव्या डोमेनवर 'लोकेशन रिप्लेस' करते. मार्ग तोच ठेवलात की पुढचं वर्ष-महिन्याचं रूपांतर तुमचा एनजिनएक्स करतो. थीम एक्सएमएल असल्याने स्क्रिप्ट सीडेटामध्ये गुंडाळा, नाहीतर जतनच होणार नाही. मोबाइलसाठी वेगळी थीम असेल तर ती बंद करून डेस्कटॉपचीच लावा, नाहीतर फोनवरचे वाचक मागेच राहतात. जुना ब्लॉग खासगी करू नका आणि शोधयंत्रांनाही अडवू नका. गूगलला पान उघडताच आलं नाही तर पुढचा रस्ता दिसणार कसा?

जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी त्या निर्यात फाइलमध्ये आहेच. ती 'कर्ल' या पत्ते उघडून पाहणाऱ्या आज्ञेला देऊन प्रत्येकाचा आकडा पाहा: एकदा ३०१, मग २०० (पान मिळालं). सलग दोन-तीन ३०१ दिसले तर एचटीटीपीचं एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग नवा स्लग अशा पायऱ्या झाल्यात, त्या एकात आणा. ४०४ (पान सापडलं नाही) आलेले बहुतेक आधी पुसलेल्या लेखांचे किंवा मसुद्यांचे असतात.

आता ती 'शोधयंत्रांना दूर ठेवा'ची खूण काढा. वर्डप्रेस ५.५पासून साइटमॅप (पानांची यादी) स्वतःच बनवतं, तो गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये द्या. रोज रात्री डेटाबेसची प्रत आणि 'अपलोड्स' फोल्डर दुसऱ्या ठिकाणच्या साठ्यावर जाईल अशी क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी) नोंद करा, आणि आठवड्याभरात एकदा ती प्रत रिकाम्या सर्व्हरवर उघडून पाहा. पुढचे दोन महिने एनजिनएक्सच्या नोंदींमधले ४०४ दर आठवड्याला चाळत राहा. जो पत्ता पुन्हा पुन्हा दिसतो, त्याला एक ओळ.